हुतात्मा एक्सप्रेसमध्ये सांडलेला चहा आणि त्यातून निघालेलं गिऱ्हाईक: एका ओळखीचं पूर्ण प्रकरण

आधी माझी परिस्थिती सांगतो म्हणजे पुढचं लक्षात येईल. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे, आठ माग, माल म्हणजे टेरी टॉवेल. वडिलांनी चालू केला, मी नोकरी सोडून त्यात आलो. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोघांनाही जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे वगैरे सगळं खरंय, पण मानांकनाने माल विकला जात नाही हे इथल्या कुठल्याही कारखानदाराला विचारा. आमचा माल ठरलेल्या चार व्यापाऱ्यांना जायचा, भाव तेच सांगणार, उधारी तेच ठरवणार, आणि सूत महागलं की मार खायला आपण. म्हणून मी डोक्यात घेतलं की थेट हॉटेलला विकायचं.

त्यासाठी दोन वर्षं काय केलं तर कार्डं वाटली. खरंच, चारशे तरी वाटली असतील. प्रदर्शनात, व्यापारी मेळाव्यात, लग्नात, एकदा तर तेराव्याला सुद्धा (आता आठवलं की लाज वाटते). फोन किती आले? दोन. त्यातला एक इन्शुरन्सवाला होता आणि दुसरा मलाच सूत विकायला निघालेला.

तर त्या दिवशी पुण्यात दुपारी बाराला एका हॉटेलच्या पर्चेस मॅनेजरची अपॉइंटमेंट होती, तीन महिने मागे लागून मिळवलेली. सकाळची सोलापूर-पुणे हुतात्मा एक्सप्रेस पकडली. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत पण आहे सकाळचीच, पण तिचं तिकीट आणि माझा गल्ला यांचं जमत नाही. बॅगेत सहा सॅम्पल, कानात इअरफोन, आणि मनात काय बोलायचं त्याची घोकंपट्टी. कुर्डुवाडीला शेजारच्या सीटवर एक काका येऊन बसले, साठीच्या पुढचे, आदल्या दिवशी पंढरपूर करून मेव्हण्याकडे मुक्काम करून निघालेले. बसल्या बसल्या चुरमुरे-बत्ताशाची पुडी पुढे केली, "घ्या, माउलींचा प्रसाद." आता प्रसादाला नाही म्हणता येत नाही आणि प्रसाद घेताना कानात इअरफोन ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून काढले. संभाषण एवढंच झालं, कुठले, कुठे निघालात, बरं बरं. मी परत इअरफोन घालणार तेवढ्यात जेऊरच्या आसपास चहावाला आला.

इथे खरं प्रकरण सुरू होतं. कागदी कप, गाडीचा हिसका, आणि अर्धा चहा माझ्या मांडीवर आणि उरलेला काकांच्या पिशवीच्या दिशेने. मी घाबरून हाताला लागलं ते बॅगेतून ओढलं, ते होतं आमचं सगळ्यात भारी सॅम्पल. तीस बाय साठ इंची, पाचशे जीएसएम (चौरस मीटरला पाचशे ग्रॅम), म्हणजे वजनाला साधारण ५८० ग्रॅम, पांढराशुभ्र, डॉबी बॉर्डर, म्हणजे कडेला वेगळ्या विणीची नक्षीदार पट्टी. दाबून पुसायला लागलो तर चहा टॉवेलात जाईचना. नुसता पुढे पुढे ढकलला जात होता. अळूच्या पानावर पाणी असतं ना, तसा.

काका शांतपणे बघत होते. मग म्हणाले, "नवा आहे ना? नाही पिणार तो. सिलिकॉन मारलंय."

मी म्हटलं, काका तुम्हाला काय माहीत सिलिकॉन. तर म्हणाले की मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉटेलांच्या लॉन्ड्रीत तीस वर्षं काढली, टॉवेल हातात आला की त्याची कुंडली कळते.

मी इअरफोन बॅगेत टाकले ते पुण्यापर्यंत काढले नाहीत.

पुढचा दीड-दोन तास जे ऐकलं ते मी सोलापुरात जन्म घालवून ऐकलं नव्हतं. आम्ही टॉवेल मऊ लागावा म्हणून प्रोसेसवाल्याला (विणलेला माल धुवून-रंगवून देणारा) सॉफ्टनर, म्हणजे मऊ करणारं सिलिकॉनचं रसायन, जास्त मारायला सांगतो, कारण व्यापारी दुकानात हात फिरवून माल घेतो, आणि गिऱ्हाईकही हात फिरवूनच घेतं. पण सिलिकॉनचा थर बसला की सूत पाणी धरत नाही. घरी चार वेळा धुतल्यावर तो थर कमी होतो आणि टॉवेल पुसायला लागतो, म्हणून घरगुती गिऱ्हाईक तक्रार करत नाही. हॉटेलात मात्र पाहुणा पहिल्याच दिवशी अंग पुसतो. "हाताला लोणी आणि अंगाला प्लॅस्टिक," काका म्हणाले.

मग त्यांनी बॉर्डर दोन बोटांत धरली. आमची डॉबी बॉर्डर म्हणजे वडिलांचा अभिमान. काका म्हणाले ही पाच धुण्यांत चुणणार. कारण टॉवेलचं अंग एका हिशोबाने आटतं आणि बॉर्डर दुसऱ्या, दोघांची विणच वेगळी, मग कडेला झालर लावल्यासारख्या चुण्या पडतात, आणि तो टॉवेल घडी करून रचला की चळत वाकडी होते, हाऊसकीपिंगची बाई वैतागते. "तिला वैताग आला की तुझा माल संपला. पर्चेसवाला फक्त सही करतो रे." तोपर्यंत अहो-जाहो संपून अरे-तुरे सुरू झालं होतं, ते मला बरं वाटलं खरं सांगायचं तर.

त्यांनी हेही सांगितलं की हॉटेल एका खोलीमागे निदान तीन सेट धरून चालतं, एक खोलीत, एक धुण्यात, एक कपाटात. त्यामुळे एक ऑर्डर दिसते त्याच्यापेक्षा मोठी असते, पण ती देणारा माणूस लॉन्ड्रीला विचारल्याशिवाय सप्लायर बदलत नाही, कारण माल बिघडला की शिव्या लॉन्ड्रीला बसतात. मी तीन महिने ज्याच्या मागे होतो तो ह्या साखळीत शेवटचा होता!

उजनीचं पाणी दिसायला लागलं तेव्हा समोरच्या सीटवरच्या एक ताई, इतका वेळ मोबाईल बघणाऱ्या, मधेच म्हणाल्या, "दादा, उद्यम रजिस्ट्रेशन आहे का तुमचं?" उद्यम म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. त्या ताई एका कंपनीत अकाउंट्स बघायच्या. मी नुकतंच काकांना म्हटलं होतं की हॉटेलवाले नव्वद दिवसांची उधारी मागतात. त्यावर त्यांनी समजावलं की २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून इन्कम टॅक्सचा नियम असाय की सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असलेल्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत तर विकत घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी धरता येतो. आणि हे उत्पादकाला लागू, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. आमची नोंदणी होती, बँकेने करून घेतलेली, सर्टिफिकेट फाईलमध्ये पडून. ते बिलावर छापायचं असतं हे मला गाडीत कळलं. ताई दौंडला उतरल्या, नाव पण विचारलं नाही मी, नंबर तर सोडाच. ह्या पूर्ण प्रकरणात पैशाच्या हिशोबाने सगळ्यात उपयोगी वाक्य त्यांचं निघालं आणि आभार मानायला माणूस सापडणार नाही.

आता इथे थोडं थांबून बोलतो, कारण नंतर मी ह्यावर बराच विचार केला. हे सगळं मला आधी का माहीत नव्हतं? कामात आळस नव्हता. पण मी ज्यांच्याशी रोज बोलतो ते सगळे, सूतवाला, डाईंगवाला, शेजारचे कारखानदार, सोलापूरच्या पूर्व भागातले आमचे कारागीर, सगळे मागाच्या ह्याच बाजूचे. एकाला जे माहीत तेच सगळ्यांना माहीत. टॉवेल टेम्पोत चढला की आमच्यासाठी विषय संपला, धुण्यात त्याचं काय होतं हे आमच्यापैकी कुणीच बघितलेलं नाही. अमेरिकेतल्या मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हेच मांडलं होतं. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं, की ज्याने सांगितलं त्याला तुम्ही तेव्हा किती वेळा भेटायचात. वारंवार भेटणारे फक्त १६.७ टक्के निघाले, अधूनमधून भेटणारे ५५.६ आणि क्वचित भेटणारे २७.८. नमुना छोटा होता, आणि विषय नोकरीचा होता, टॉवेलचा नाही, शिवाय रेल्वेतला पूर्ण अनोळखी माणूस म्हणजे तर त्याच्याही पलीकडचा. पण कारण तेच, जवळच्या माणसाला आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं.

आणि दुसरं असं की त्या दिवशी मी काकांना काही विकत नव्हतो. विकायचं भाषण बॅगेतच राहिलं. चहा सांडून फजिती झालेल्या माणसाशी लोक खरं बोलतात, कार्ड पुढे करणाऱ्याशी सावध बोलतात. मी कार्ड आधी दिलं असतं तर काका "छान छान" म्हणून पेपर वाचत बसले असते, हे मी पैजेवर सांगतो.

पुण्यात उतरताना मी नंबर मागितला. त्यांनी माझ्या फोनवर मिस्ड कॉल दिला, आणि म्हणाले की माझ्या ओळखीचा एकजण शहराबाहेर लॉन्ड्री चालवतो, पण त्याचा नंबर आत्ता देत नाही, आधी त्याला विचारतो. तेव्हा मला थोडं लागलं, आता वाटतं तेच बरोबर होतं.

हॉटेलात काय झालं ते एका वाक्यात सांगतो, दोन तास बसवलं, दहा मिनिटं दिली, आणि "रेट मेल करा."

रात्री घरी आल्यावर मी एक गोष्ट केली जी नुसती वेडेपणा म्हणून केली पण पूर्ण प्रकरण तिच्यावर फिरलं. आमच्या मशिनमध्ये तोच टॉवेल लागोपाठ पाच वेळा धुतला. बायको म्हणाली, लाईट बिल कोण भरणार. पाचव्या धुण्यानंतर दोरीवर टाकला तर बॉर्डर अगदी काका म्हणाले तशी चुणलेली, फ्रॉकच्या घेरासारखी. फोटो काढून काकांना पाठवला आणि खाली लिहिलं, "काका, तुम्ही म्हणालात तसंच झालं. बॉर्डर काढून टाकली तर चालेल का?" बास. ऑर्डरचा शब्द नाही, कॅटलॉग नाही, गुड मॉर्निंग नाही. सकाळी सातला त्यांचाच फोन. मला वाटतं तीस वर्षं जे ज्ञान त्यांच्या हातात होतं ते कुणीतरी खरं करून बघितलं ह्याचा त्यांना आनंद झाला होता. रिटायर्ड माणसाला काम कुणी विचारत नाही हो, तब्येत विचारतात.

मग घरात महाभारत. वडील म्हणाले, "रेल्वेत भेटलेल्या माणसाचं ऐकून तू माझा माल बदलणार?" त्यांचंही चुकलं म्हणत नाही, पस्तीस वर्षं त्याच बॉर्डरवर घर चाललं. शेवटी दोन डझनाचा ट्रायल लॉट करायचं ठरलं, साधी चपटी पट्टी, डॉबी नाही, आणि सॉफ्टनर सिलिकॉनचा सोडून पाणी धरणारा, ज्याला प्रोसेसवाले हायड्रोफिलिक म्हणतात. हाताला थोडा खरबरीत लागतो. वडिलांनी हात फिरवला आणि काही न बोलता निघून गेले.

लॉट काकांच्या सांगण्यावरून त्या लॉन्ड्रीला पाठवला. आणि इथे मी माती खाल्ली. दोन आठवड्यांत तीन वेळा काकांना फोन केला, तिसऱ्या वेळी तर सरळच, "काका, ऑर्डरचं काय झालं?" पलीकडे थोडा वेळ शांतता, मग, "मी काय तुझा एजंट आहे का रे?" आणि फोन ठेवला. मी दिवसभर मागाच्या खडखडाटात बसून राहिलो, कुणाशी बोलायची इच्छा नव्हती. गाडीत जे कमावलं होतं ते मीच घालवत होतो. ज्याने फुकट शिकवलं त्यालाच मी वसुलीला लावलं.

माफीचा लांबलचक मेसेज टाइप केला होता, पाठवला नाही. त्याऐवजी स्वतः पुण्याला गेलो, लॉन्ड्रीवाल्याला भेटलो, म्हटलं माझे टॉवेल बघायला आलोय, द्यायचं-घ्यायचं काही नाही. त्याने पंचवीस धुण्यांनंतरचे टॉवेल दाखवले. कड सरळ होती. पण दोन टॉवेलची कोपऱ्यातली शिलाई उसवली होती, दोरा कच्चा, तो दोष आमचाच. मी उसवलेल्या कोपऱ्याचे फोटो काकांना पाठवले, लिहिलं की स्वतः जाऊन बघून आलो, दोरा बदलतोय. तासाभराने उत्तर आलं, "आता शिकलास. कोपऱ्यावर टाका उलटा मारून घे."

आता ऑर्डर. लॉन्ड्रीवाल्याने घेतला नाही माल. त्याच्याकडे हॉटेलं स्वतःचे टॉवेल धुवायला टाकतात, त्याला विकत घ्यायचंच नसतं, हे काकांनाही माहीत होतं, मीच ऐकलं नव्हतं नीट. पण चहा पिता पिता त्याने स्वतःचं गाऱ्हाणं सांगितलं. पंचकर्मवाले तेलकट टॉवेल आणतात आणि तो ते घेत नाही, कारण तेल पूर्ण निघत नाही आणि तसले टॉवेल ड्रायरमधून काढून गरम-गरम गठ्ठा करून ठेवले तर आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतात. मला आधी वाटलं थापा मारतोय, पण ही गोष्ट खरी आहे, लॉन्ड्री धंद्यात सगळ्यांना माहीत असलेली. तर म्हणाला, त्यांना असा टॉवेल पाहिजे जो गडद रंगाचा, स्वस्त, त्यांनाच गरम पाण्यात धुवून बाहेर दोरीवर वाळवता येईल असा, आणि लवकर बदलला तरी जीव हळहळणार नाही असा. नंबर देऊ का?

पहिली ऑर्डर तिथून आली. कॉफी रंगाचे २४० नग, चोवीस बाय अठ्ठेचाळीस. साखळी बघा, वारीहून येणारे काका, त्यांचा लॉन्ड्रीवाला, त्याने परत पाठवलेलं गिऱ्हाईक. मी हॉटेल हॉटेल करत होतो आणि माल गेला तेलाच्या टेबलावर. आठ मागांच्या हिशोबात २४० नग म्हणजे काहीच नाही हे मला माहितीये, पण बिलावर उद्यम नंबर छापलेला होता आणि पैसे अडतिसाव्या दिवशी आले. व्यापाऱ्याकडून आम्हाला अडतिसाव्या दिवशी चहा पण मिळत नाही. चार महिन्यांनी त्यांनीच परत ऑर्डर दिली, आणि तोवर बिनबॉर्डरचा पांढरा माल दोन छोट्या लॉजना लागला होता. मोठं हॉटेल अजून नाही.

हे सगळं वाचून कुणी उठून प्रत्येक सहप्रवाशाला धंदा विचारायला लागेल तर कृपा करून नको. मी स्वतः परतीच्या एका प्रवासात तसं करून बघितलं, शेजारच्या माणसाला पाच मिनिटांत टॉवेल काढून दाखवला, तो दौंडला उतरून दुसऱ्या डब्यात चढला, मी खिडकीतून बघितलं त्याला. आणि माझी बहीण म्हणाली ते पण लिहून ठेवतो, की तुला कुणाही काकांशी दोन तास गप्पा मारणं सोपं आहे, आम्हाला समोरचा कसा आहे ते आधी जोखावं लागतं, आमच्या ओळखी लेडीज डब्यात होतात. तिला तिची टेलर तशीच मिळाली, आणि भिशीचा ग्रुपही.

काकांनी आजपर्यंत माझ्याकडून एक रुपया घेतला नाही. दोन चादरी पाठवल्या तर त्यांनी पैसे पाठवले, मी परत केले, त्यांनी पुन्हा पाठवले, शेवटी मी ठेवले. एकदाच काहीतरी मागितलं, भाच्याला सोलापुरात कॉलेजला ॲडमिशन मिळाली होती, चांगली खानावळ बघून दे म्हणाले. बघून दिली. पोरगा रविवारी आमच्याकडे जेवायला असतो, वडिलांशी बुद्धिबळ खेळतो.

वडिलांचं सांगायचं राहिलं. कारखान्यात दाराशी आता एक निळी बादली असते पाण्याने भरलेली. प्रोसेसहून लॉट आला की वडील स्वतः एक टॉवेल उचलतात, कात्रीने कोपऱ्याचा तुकडा कापतात, पाण्यावर सोडतात आणि घड्याळ धरून उभे राहतात. पटकन बुडाला तर माल आत, तरंगत राहिला तर टेम्पो परत. परवा शेजारचे कारखानदार बघायला आले होते, विचारलं हे कुठून शिकलात. वडील म्हणाले, "आमची जुनी पद्धत आहे."

मी काही बोललो नाही.